मोठ्या आक्रमक सिक्लिड माशांसाठी टाकी व फिल्टर

उजनीच्या जलाशयातील चिलापी आपल्या शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाची आहे. हिची मूळची आफ्रिकेतील मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणण्यात आली. चिलापी ज्या सिक्लिड कुळातील, त्याच कुळात कोकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर मोडतो, आणि त्याच कुळातील ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅग्वार व रेड डेव्हिल हे मोठे मासे शोभेसाठी काचेच्या टाकीत पाळले जातात. शोभिवंत माशांचा जोडधंदा करणाऱ्यांकडून यांच्याविषयी वारंवार एकच तक्रार येते. पिले आणली तेव्हा चपळ होती, चार महिन्यांत सुस्त झाली व एकामागून एक मेली. बहुतेक वेळा दोष रोगाचा नसून टाकीचा असतो.

अमेझॉनच्या खोऱ्यातील ऑस्करचेच उदाहरण घेऊ. विक्रेत्याकडे त्याचे पिलू दोन इंचांचे असते व दोन फुटी टाकीत ते शोभूनही दिसते. नीट पोसल्यास वर्षभरात ते दहा इंचांच्या आसपास जाते. पूर्ण वाढीचा मासा बारा ते चौदा इंच लांब व सुमारे एक किलो वजनाचा होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणून टाकी आजच्या पिलाकडे पाहून न निवडता पुढे होणाऱ्या माशाकडे पाहून निवडावी. गोठा बांधताना आपण वासराचे माप घेत नाही.

एका ऑस्करला चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी योग्य होय. जोडीसाठी लांबी सहा फूट करावी. उंची वाढवून हा हिशेब साधत नाही. कारण हे मासे तळाची जागा आपल्या मालकीची मानतात व तिच्यासाठी भांडतात. लांबी-रुंदी पुरेशी असली तरच दुबळ्या माशाला नजरेआड होता येते. मध्ये मोठे दगड किंवा मातीचे नळ ठेवल्यास दृष्टी अडते व मारामारी कमी होते. फ्लॉवरहॉर्न व रेड डेव्हिल मात्र एकेकटेच ठेवणे शहाणपणाचे. जोडी लावावयाची असेल तर मध्ये छिद्रांचा पडदा हवा, नाहीतर नर मादीला मारून टाकण्याचा धोका असतो. चार फुटी टाकी भरल्यावर पाणी, काच व दगड मिळून भार पाच क्विंटलांच्या आसपास जातो. ती साध्या टेबलावर ठेवू नये.

आता पाण्याचा हिशेब. एक किलोचा मासा दिवसाला सुमारे दहा ग्रॅम खाद्य खातो. त्यात ४० टक्के प्रथिने असल्यास त्यापासून सुमारे ०.३७ ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येते. चार फुटी टाकीतील सुमारे ४०० लिटर पाण्यात ते लिटरला ०.९ मिलिग्रॅम होते. दोन फुटी टाकीतील ६५ लिटरमध्ये तेच ५.७ मिलिग्रॅम. हे केवळ एका दिवसाचे. अमोनियाचा विषारी भाग सामूवर अवलंबून असतो. पाणी २८ अंशांचे व सामू ७ असता शंभरांत एका भागाहूनही कमी विषारी असतो, सामू ८ असता सहा-सात भाग. आपल्या काळ्या जमिनीतील विहिरींचे पाणी बहुधा जड व विम्ल असते. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा टाकल्यास नत्र वायुरूपाने उडते, हे आपण जाणतो. टाकीत माशाच्या कल्ल्यांना भोवतो तोच हा वायू. माशांसाठी विषारी अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आत असावा, असे सामान्यतः मानतात. दोन फुटी टाकीत, सामू ८ असता, पहिल्याच दिवशी तो याच्या अठरापट होईल.

यावर उपायही शेतातलाच आहे. जमिनीतील जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. फिल्टर म्हणजे याच जीवाणूंना दिलेले घर. स्पंज किंवा कापूस केवळ विष्ठा अडवितो. खरे काम त्यामागील माध्यमाच्या पृष्ठभागावर चालते. सावधपणे धरल्यास एका चौरस मीटरवर दिवसाला ०.१ ग्रॅम अमोनिया-नत्र जिरते. वरील माशाला म्हणजे सुमारे चार चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. एका घनमीटरात ५०० चौरस मीटर पृष्ठभाग देणारे प्लॅस्टिकचे माध्यम घेतले तर आठ लिटर पुरे; सोळा घातल्यास निश्चिंती.

पंप तासाला टाकीच्या पाण्याच्या पाच ते आठ पट पाणी फिरविणारा घ्यावा. ४०० लिटरला म्हणजे दोन ते सव्वातीन हजार लिटर. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. विहिरीच्या पंपाप्रमाणेच येथेही उंची वाढली की विसर्ग घटतो, म्हणून टाकीच्या माथ्यापर्यंत किती पाणी चढते ते बादली व घड्याळ घेऊन मोजावे.

तळाच्या रेतीखालील फिल्टर या माशांना निरुपयोगी, कारण ते रेती उकरतात. बंद डब्याचा फिल्टर चांगला, पण वीज गेली की आतला प्राणवायू काही तासांत संपतो व जीवाणू मरू लागतात; वीज बराच वेळ नसेल तर तो धुऊन मगच सुरू करावा. ग्रामीण भागासाठी माझे मत टाकीखालच्या उघड्या कुंडीच्या बाजूचे आहे. माध्यमावर पाणी ठिबकत ठेवले तर वीज नसतानाही त्याला हवा मिळते, आणि मासा धडक देऊन फोडील असा हीटरही कुंडीत सुरक्षित राहतो. वीज जाताच टाकीतले पाणी खाली उतरते. तेवढी जागा कुंडीत रिकामी हवी. टाकीत हवा सोडण्यास बॅटरीवरील पंप मात्र जवळ असावा.

फिल्टर नवा असताना त्यात जीवाणू नसतात. ते वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या निरोगी टाकीतील थोडे माध्यम विरजणासारखे घातल्यास हा काळ कमी होतो. माध्यम नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावे.

फिल्टरने तयार केलेले नायट्रेट पाण्यातच राहते. वरील हिशेबाने ते आठवड्याला लिटरमागे सुमारे २८ मिलिग्रॅम वाढते. म्हणून दर आठवड्यास निम्मे पाणी बदलावे. भरण्याच्या पाण्याचेही परीक्षण करावे, कारण भरपूर खते दिलेल्या शिवारातील विहिरीत नायट्रेट आधीच असू शकते. काढलेले पाणी भाजीपाल्याच्या वाफ्यास उत्तम. उपचारासाठी टाकीत मीठ घातले असेल तेव्हा मात्र ते पिकास देऊ नये.