राडारोड्याचं टेंडर : ऐकीव काय, खरं काय

अमेरिकेत मोठं वादळ येऊन गेलं की पाणी ओसरायच्या आत ठेकेदारांच्या नावाने शंख सुरू होतो. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना लुइझियाना-मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळलं आणि थोड्याच दिवसांत बोलबाला झाला, की उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या जुन्या कंपनीला, म्हणजे हॅलिबर्टनला, टेंडर न काढताच सफाईचं काम देऊन टाकलं. चेनी 1995 ते 2000 या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख होते. तिची उपकंपनी केबीआर इराकमधल्या कामांवरून आधीच बदनाम झालेली. तेव्हा कागद बघायची गरज कुणाला वाटणार? ही गोष्ट आजही तशीच सांगितली जाते.

कागद वेगळं सांगतात. हे कंत्राट नौदलाचं होतं, आपत्कालीन बांधकाम-दुरुस्तीचं, 50 कोटी डॉलरपर्यंतचं. केबीआरला ते जुलै 2004 मध्ये, म्हणजे कॅटरिनाच्या वर्षभर आधी, स्पर्धेतून मिळालं होतं. वादळानंतर निघाल्या त्या वर्क ऑर्डर, सुरुवातीला 2 कोटी 98 लाख डॉलरच्या. कामही शहरं झाडायचं नव्हतं. मिसिसिपीतल्या गल्फपोर्ट, पास्कागूला आणि मेरिडियन इथल्या नौदल तळांवर वीज परत आणायची, छपरं दुरुस्त करायची, राडारोडा हलवायचा, अशा स्वरूपाचं ते होतं. (यातला पास्कागूलाचा तळ त्याच वर्षी बंद करायच्या यादीत आला आणि 2006 मध्ये बंदही झाला. आपल्याकडे रस्ता डांबरून झाल्यावर पाइपलाइनसाठी खोदणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.)

म्हणून कंपनी धुतल्या तांदळासारखी होती असं मात्र नाही. वादळग्रस्त नौदल तळांवरच्या तिच्या कामांची पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांनी तपासणी केली. 2008 च्या त्या अहवालात निकृष्ट कामाबद्दल आणि देखरेखीबद्दल बरंच काही निघालं. काही कामांचे पैसे सरकारने दोनदा मोजले, असं एका तांत्रिक सल्लागाराचं म्हणणं त्यात नोंदलेलं आहे. टेंडर नियमाने झालं, गळती पुढे झाली. आणि विनाटेंडर कामं खरोखर दिली गेली ती दुसरीकडेच. तात्पुरत्या घरांसाठी ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने बेक्टेल, फ्लूअर, शॉ आणि सीएच2एम हिल यांना स्पर्धेविना कामं दिली. त्यावर इतकी टीका झाली, की ती कंत्राटं नव्याने स्पर्धेतून देऊ, असं ऑक्टोबरमध्ये फेमाच्या प्रमुखांना कबूल करावं लागलं.

दुसरा पक्का समज म्हणजे सफाई लष्कर करतं. नावात ‘आर्मी’ असलेली कोअर ऑफ इंजिनिअर्स ही संस्था त्यात असते, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. पण तिथले बहुसंख्य कर्मचारी मुलकी आहेत, गणवेशातले थोडे. कचरा तेही उचलत नाहीत; ते कंत्राट देतात आणि देखरेख करतात. कॅटरिनाच्या वेळी कोअरने चार कंपन्यांना प्रत्येकी 50 कोटी डॉलरची राडारोड्याची कंत्राटं दिली. फेमा तर त्याहून लांब असते. बहुतेक वेळा शहर किंवा काउंटी स्वतः ठेकेदार नेमते आणि फेमा खर्चाचा परतावा देते, साधारणपणे किमान 75 टक्के.

आता मोजमाप. इथे जरा थांबू, कारण पैसे इथेच मुरतात. राडारोडा बहुधा वजनावर जात नाही, घनयार्डावर जातो. आपल्या वाळूवाल्यांच्या हिशेबात चार घनयार्ड म्हणजे ब्रासभर आणि वर थोडं. कॅटरिनाचा एकूण राडारोडा 10 कोटी घनयार्डांच्या वर गेला, म्हणजे अडीच कोटी ब्रासहून जास्त. तो मोजायचा कसा? काम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रकचा हौदा आतून टेपने मोजतात आणि क्षमता ट्रकच्या बाजूला फलकावर लिहितात. रस्त्यावर भरताना एक निरीक्षक तिकीट फाडतो : ट्रक कुठला, माल कुठून उचलला, किती वाजता. तात्पुरत्या डेपोच्या तोंडाशी एक मचाण असतं. ट्रक खाली येऊन थांबला की वरचा निरीक्षक हौद्यात डोकावतो आणि भरावाचा आकडा सांगतो : ऐंशी टक्के, पंचाऐंशी टक्के. तो तिकिटावर चढतो. बिल त्या तिकिटावर. बाहेर पडताना हौदा खरोखर रिकामा झाला की तळाशी माल ठेवूनच ट्रक परत फेरीला निघाला, हेही बघायचं असतं.

म्हणजे हजारो फेऱ्यांचे पैसे मचाणावरच्या माणसाच्या नजरेवर ठरतात. म्हणूनच हा निरीक्षक वाहतूक करणाऱ्या ठेकेदाराचा असून चालत नाही. फांद्या पोकळ रचल्या की हौदा भरल्यासारखा दिसतो. हाताने भरलेल्या ट्रकमध्ये माल दाबला जात नाही, म्हणून त्याला निम्मीच क्षमता धरतात. आपल्याकडे ज्याने एमबी (मोजमाप वही) लिहिताना शाखा अभियंत्याची लेखणी कशी चालते ते पाहिलंय, त्याला हे कळायला वेळ लागणार नाही.

मग दर. कॅटरिनानंतर एका साखळीची बातमी गाजली. मुख्य ठेकेदाराला घनयार्डामागे 23 डॉलर. त्याने काम पुढे दिलं 9 ला, त्याने 8 ला, त्याने 7 ला, आणि प्रत्यक्ष ट्रक चालवणाऱ्याच्या हाती आले 3. लोक याला सरसकट चोरी म्हणतात. पोटठेका देणं हा काही गुन्हा नाही, आणि वरच्याला विमा, हमी, डेपो, लाकडाचा भुगा करणं आणि शेवटची विल्हेवाट हे सगळं बघावं लागतं. पण 9 चे 8 आणि 8 चे 7 करणाऱ्या मधल्यांनी नेमकं काय केलं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे सापडलेलं नाही. भरीत भर म्हणजे सरकारी बांधकामावर स्थानिक प्रचलित मजुरी देण्याचं बंधन घालणारा 1931 चा डेव्हिस-बेकन कायदा राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 8 सप्टेंबर 2005 ला वादळग्रस्त भागापुरता स्थगित केला. ओरड झाल्यावर 8 नोव्हेंबरला तो परत लागू झाला. मधले दोन महिने मजुरीला तो तळ नव्हता.

घरमालकांचाही एक गैरसमज असतो, की ठेकेदार अंगणातलं सगळं नेईल. साधारणपणे तो रस्त्याकडेला आणून ठेवलेलंच नेतो, तेही वेगवेगळ्या ढिगांत : झाडझाडोरा, बांधकामाचा राडारोडा, फ्रिज-वॉशिंग मशिन, रंग-रसायनं. खासगी आवारात शिरायला वेगळी मंजुरी लागते.

लष्करी तळांचं मात्र सगळं गणितच निराळं. तळ केंद्राच्या मालकीचा, त्यामुळे फेमाचा परतावा तिथे लागू होत नाही. पैसा संरक्षण खात्याच्या तरतुदीतून किंवा अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या खास निधीतून येतो. 10 ऑक्टोबर 2018 ला मायकल वादळ ताशी 160 मैलांच्या वाऱ्याने फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळावर आलं. तळ आधी रिकामा केला होता, पण देखभालीसाठी उघडलेली काही एफ-22 विमानं हँगरमध्येच अडकली. 484 इमारती पडल्या किंवा दुरुस्तीपलीकडे गेल्या. खास निधीच्या विधेयकावर सही व्हायला जून 2019 उजाडला. तोवर हवाई दलाला दुसऱ्या तळांवरची कामं थांबवून तिथला पैसा इकडे वळवावा लागला.

तिथल्या ठेकेदारांच्या कामाला ‘दुरुस्ती’ म्हणणं हाही तसा गैरसमजच. जुनं छप्पर पुन्हा बसवायचं नव्हतं. सुमारे 5 अब्ज डॉलर खर्चून, जास्त वाऱ्याला टिकेल अशा मापाने, तळाचा मोठा भाग नव्याने बांधायला काढला. पहिलं एफ-35 लढाऊ विमान तिथे उतरलं ऑगस्ट 2023 मध्ये, आणि तेव्हाही बांधकाम चालूच होतं.