पिस्टन आणि हेडमधला एक मिलिमीटर

श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरचं इंजिन किंवा ट्रॅक्टरचं हेड उघडलेला मिस्त्री शोधावा लागत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा खडकीचा कारखाना १९४६चा, तेव्हापासून ही विद्या गावोगाव पोचली. जुना मिस्त्री पिस्टनवर शिशाची तार ठेवतो, हेड आवळतो, फ्लायव्हील फिरवतो आणि चेपलेली तार मोजतो. त्याच्या भाषेत हे ‘बंपिंग क्लिअरन्स’. ट्रॅकवर किंवा रॅलीत पळवायला जिप्सी बांधणारी पोरं मात्र कॅम आणि एक्झॉस्टवर पैसे ओततात आणि हे माप ऐकीव आकड्यावर सोडतात.

सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे जागा जितकी जास्त तितकं इंजिन सुरक्षित. पेट्रोल इंजिनात हे बरेचदा उलटं असतं. पिस्टन वर येताना त्याची सपाट कड हेडच्या सपाट भागाशी अगदी जवळ येते आणि मधलं मिश्रण जोरात चेंबरकडे ढकललं जातं. याला स्क्विश म्हणतात. मिश्रण घुसळलं गेल्यामुळे ते झपाट्यानं जळतं आणि कडेला उरलेलं थोडं मिश्रण दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहतं. जागा दीड-दोन मिमी केली की हा परिणाम विरतो आणि नॉकिंग वाढू शकतं. म्हणजे नॉकिंग टाळायला जाड गॅस्केट घालणारा कॉम्प्रेशन थोडं घटवतो, पण स्क्विशही घालवून बसतो.

मग किती ठेवायची? स्टीलच्या कनेक्टिंग रॉडसाठी ०.०३५ ते ०.०४५ इंच, म्हणजे साधारण ०.९ ते १.१ मिमी, ही सुरुवात. ॲल्युमिनियमचे रॉड जास्त ताणतात, जास्त फुगतात, त्यांना दीड मिमी किंवा त्याहून अधिक लागते. फोर्ज्ड पिस्टन बोअरमध्ये सैल बसवावे लागतात. थंड असताना ते डोलतात आणि एक कड वर उचलली जाते, म्हणून तिथे थोडी ढील द्यावी.

‘हातानं क्रँक फिरवला, कुठे लागलं नाही,’ ही खात्री सर्वांत घातक. जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी. ६००० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट होतो. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून समजा ४०० ग्रॅम धरले, तर रॉडवर जवळपास ८०० किलोची ओढ बसते. त्यात हा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ७५०० आरपीएमला तो दीडपटीच्याही वर जातो. रॉड ताणतो, बेअरिंगची ढील एका बाजूला जाते, पिस्टन गरम होऊन फुगतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर पिस्टनला वरून दाबून धरणारा दाबच नसतो, म्हणून घासण्याचा धोका तिथेच जास्त. उघडलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडेला कार्बन पुसून चकाकणारा पट्टा दिसला, तर समजावं की गाठ पडली होती.

आता ‘हेड फेसिंग केलं की बंपिंग कमी होतं’ हा समज. हेडचा सपाट भाग गॅस्केटच्या पातळीतच असेल, तर फेसिंगनं पिस्टन आणि त्या भागातलं अंतर बदलतच नाही, कारण ते ठरतं पिस्टनची डेकपासूनची, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाटीपासूनची, उंची आणि दाबलेल्या गॅस्केटची जाडी यांवर. फेसिंगनं चेंबर लहान होतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ब्लॉकचं फेसिंग केलं तर मात्र अंतर थेट घटतं. जिप्सीच्या ७४ मिमी बोअरला अर्धा मिमी म्हणजे सिलिंडरमागे सव्वादोन घनसेंटीमीटरच्या आत-बाहेर. कॉम्प्रेशन ९ ला १ असेल तर ते ९.४च्या पुढे जातं.

व्हॉल्व्हचं माप हा स्वतंत्र हिशेब आहे. पिस्टन अगदी वर असताना नव्हे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या थोडा आधी आणि इनटेक थोडा नंतर सर्वांत जवळ येतो. मोठा कॅम घातला तर पिस्टनवर चिकणमातीसारखा मऊ गोळा ठेवून हे बघावं. इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी ठेवण्याचा रिवाज आहे.

पिस्टनसाठी तार मात्र आपल्या मिस्त्रीचीच. मऊ सोल्डर पिनच्या रेषेत, पिस्टनच्या दोन्ही कडांना ठेवा, म्हणजे डोलण्याची चूक शिरणार नाही. शेवटी बसवायचं त्याच जाडीचं गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कनं आवळा, एकदा वरच्या टोकावरून फिरवा आणि मायक्रोमीटरनं मोजा. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजा. एकाच ब्लॉकमध्ये फरक निघतो आणि जागा ठरवताना सगळ्यांत कमी निघालेलं मापच धरायचं असतं.

बोअरिंगवाल्याकडे इंजिन टाकताना हेड घासलं की ब्लॉक, आणि किती, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कागदावर लिहून घ्या.