साक्षीदाराचा चेहरा

न्यायालयात साक्षीदाराचे शब्द जसे नोंदले जातात, तसे साक्ष देताना त्याचे वर्तन कसे होते हेही नोंदण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशाला दिली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. दिवाणी कामकाजातही तसाच नियम आहे. साक्षीदार अडखळला, त्याने नजर चुकवली, त्याच्या कपाळावर घाम आला, आणि ही गोष्ट न्यायाधीशास महत्त्वाची वाटली, तर त्याने ती कागदावर आणावी, असा या तरतुदीचा आशय होय. अपिलाच्या न्यायालयापुढे माणूस उभा राहत नाही, केवळ कागद येतात. म्हणूनच साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशाच्या मतात सहजासहजी ढवळाढवळ करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच सांगून ठेवले आहे.

या साऱ्या रचनेमागे एक गृहीत दडलेले आहे. खोटे बोलणाऱ्याचा चेहरा त्याच्याशी फितूर होतो आणि अनुभवी नजरेला ती फितुरी ओळखता येते, हे ते गृहीत. ते आजचे नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात अशा लक्षणांची यादीच दिली आहे. जो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, ज्याच्या कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उतरतो, शब्द कोरडे पडून अडखळतात, जो पूर्वापार विसंगत बोलतो, समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही, असा मनुष्य, मग तो पक्षकार असो वा साक्षीदार, दुष्ट समजावा, असे स्मृतिकार म्हणतात. पोलिसी गुप्तहेरांवरील एखाद्या आधुनिक पुस्तकातही याहून निराळे काही सापडणार नाही.

परंतु खरी मौज पुढे आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. हिंदू कायद्याच्या संदर्भात महाराष्ट्रातील न्यायालयांनी जिचा आधार पिढ्यान्‌पिढ्या घेतला, तीच ही टीका. या श्लोकांपाशी येताच विज्ञानेश्वर थांबतो आणि वाचकाला सावध करतो. ही लक्षणे दोषाचा संभव तेवढा सुचवितात, दोषाचा निश्चय करीत नाहीत, असे तो बजावतो. माणसाच्या ठायी स्वभावतःच असणारा विकार कोणता आणि प्रसंगामुळे उद्भवलेला कोणता, हे ओळखणे कठीण, हे त्याचे कारण. बरे, एखाद्या तीक्ष्ण बुद्धीच्या पुरुषाला तो भेद कळला असे मानले, तरी तेवढ्यावरून कोणाला हरलेला ठरवू नये. मरणाची चिन्हे दिसू लागली म्हणून शहाणी माणसे जित्या माणसाची उत्तरक्रिया उरकीत नाहीत, असा दाखला देऊन तो हा मुद्दा मिटवितो. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या या वाक्यात जो विवेक आहे, तो अलीकडच्या कित्येक निकालपत्रांत शोधावा लागतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीला लावला, आणि निष्कर्ष विज्ञानेश्वराच्या बाजूने निघाला. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत सुमारे चोवीस हजार माणसांनी खरे कोण आणि खोटे कोण हे सांगण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे उत्तर सरासरी शंभरांत ५४ वेळा बरोबर आले. नाणे उडवून निर्णय केला असता तर ५० वेळा आले असते. न्यायाधीश किंवा पोलीस अधिकारी म्हणून गाठी पडलेल्या अनुभवाने यात फारसा फरक पडतो, असेही दिसले नाही. डीपॉलो यांनीच २००३ मध्ये दीडशेहून अधिक लक्षणे तपासली होती. त्यांतील बहुतेकांचा खोटेपणाशी संबंध एक तर नव्हता, किंवा असला तरी अगदी क्षीण होता. आणि खोटारडा नजर चुकवितो, ही समजूत मात्र जगभर पसरलेली आहे!

याचे मूळ कारण साधे आहे. घाम आणि थरकाप ही भीतीची लक्षणे आहेत, असत्याची नव्हेत. आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती निरपराध माणसालाच अधिक ग्रासते. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने या गफलतीला ऑथेल्लोचे नाव दिले. देवलांचा ‘झुंझारराव’ ज्यांनी वाचला असेल त्यांना हे नाव का दिले ते सांगावयास नको. निष्पाप पत्नीची व्याकुळता हाच तिच्या पापाचा पुरावा आहे, असे संशयाने पछाडलेला नवरा समजून बसतो.

याची दुसरीही बाजू आहे. व्याकूळ झालेली स्त्री जशी संशयास पात्र ठरते, तशीच न रडणारीही ठरते. ऑस्ट्रेलियात १९८० साली उलुरू खडकाजवळच्या छावणीतून लिंडी चेंबर्लेन या बाईंचे नऊ आठवड्यांचे मूल नाहीसे झाले. डिंगो नावाच्या रानकुत्र्याने ते नेले, असे त्या सांगत राहिल्या. खटला मुख्यतः रासायनिक तपासणीच्या पुराव्यावर उभा होता. पण ही आई रडत कशी नाही, इतकी शांत कशी, ही चर्चा वृत्तपत्रांतून आणि घराघरांतून आधीच पेटली होती. १९८२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. १९८६ मध्ये मुलाचे अंगरखे डिंगोंच्या वावराच्या भागात सापडले आणि त्या सुटल्या. तो रासायनिक पुरावाही सदोष निघाला, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळेच झाला असा अधिकृत निर्वाळा मिळावयास २०१२ साल उजाडले. आपल्याकडे गोव्यातील एका गाजलेल्या खटल्यात २०२१ साली आरोपीस निर्दोष सोडताना, फिर्यादी स्त्रीचे घटनेनंतरचे वर्तन अत्याचार झालेल्या स्त्रीकडून अपेक्षित असते तसे नव्हते, असे सत्र न्यायालयाने नमूद केले. निकाल बरोबर की चूक हा निराळा प्रश्न; त्याविरुद्ध राज्य सरकारने अपीलही केले. परंतु दुःखाचा ठरावीक नमुना असतो आणि त्यात न बसणारी स्त्री अविश्वसनीय, हे अनुमान कोणत्या अनुभवाच्या आधारावर काढले जाते?

आपल्या समाजात तर ही गोष्ट अधिकच अवघड आहे. थोरामोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा जेथे उद्धटपणा मानला जातो, तेथे खेड्यातील शेतमजूर किंवा पाड्यावरची आदिवासी बाई पिंजऱ्यात उभी राहिली की मान आपोआप खाली जाते. समोर उंच आसनावर साहेब, भोवती काळे डगले, प्रश्न विचारणारा वकील आवाज चढवून एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारतो. अशा वेळी पदराशी चाळा करणारी बाई काहीतरी लपवीत आहे, असे म्हणणाऱ्याने ती बाई कधी पाहिलेलीच नसते. उलट, दहा खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला सराईत साक्षीदार छाती काढून, नजर न हलवता, खणखणीत आवाजात साक्ष देतो. चेहऱ्यावरून निवाडा करावयाचा झाल्यास तोच जिंकणार.

माणसाच्या नजरेवर भरवसा उरला नाही म्हणून यंत्राकडे वळण्याचाही मोह झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा पुरावा विचारात घेऊन शिक्षा दिली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी यांपैकी काहीही कोणावर सक्तीने लादता येणार नाही, असा निर्णय दिला. यंत्राला जी बंधने पडली, ती न्यायाधीशाच्या नजरेला मात्र पडलेली नाहीत.

साक्षीदाराला कोणी पाहूच नये, असे याचे तात्पर्य नव्हे. इंग्लंडमधील न्यायमूर्ती ॲटकिन यांनी १९२४ सालीच, साक्षीदाराच्या आविर्भावापेक्षा कागदपत्रे आणि निर्विवाद गोष्टी यांच्याशी साक्ष किती जुळते ते पाहणे कितीतरी मोलाचे, असा कौल दिला होता. आविर्भाव दिसलाच तर त्याची नोंद कशी व्हावी, हा खरा प्रश्न आहे. ‘साक्षीदार खोटे बोलत असल्याचे दिसले’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. ‘या प्रश्नावर साक्षीदार बराच वेळ गप्प राहिला’ ही नोंद. आणि ती त्याच क्षणी, दोन्ही वकिलांच्या देखत व्हावयास हवी, म्हणजे गप्प का राहिलास, असे फेरतपासणीत विचारता येते. निकालपत्रात पहिल्यांदाच उगवणाऱ्या घामाला उत्तर देण्याची संधी साक्षीदाराला मिळत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. न्यायाधीश साक्ष ऐकतात आणि लघुलेखकाला मजकूर सांगतात. उलटतपासणीतील तीनदा विचारलेला प्रश्न, मधली शांतता, पाण्याचा घोट, हुंदका, हे सारे ‘हे म्हणणे खरे नाही की’ या ठरावीक ओळीत मिटून जाते. मध्येच न्यायाधीशांची बदली होते. अर्धवट राहिलेला खटला नव्या न्यायाधीशाने आधी नोंदलेल्या साक्षींवरून पुढे चालविण्यास कायद्याची मोकळीक आहे. निकाल लिहिणाऱ्याने तो साक्षीदार मग कधी पाहिलेलाही नसतो. त्याच्यापुढे असतात ती टंकलिखित पाने, आणि आधीच्या न्यायाधीशाने लिहिली असलीच तर तळाशी एखादी ओळ.