दर अकरांमागे एक

ऑक्टोबर १९३४ मध्ये दक्षिण चीनच्या जियांगशी प्रांतातून सुमारे ८६,००० माणसं रात्रीच्या अंधारात पश्चिमेकडे निघाली. च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारच्या पाच लाखांहून मोठ्या फौजेने कम्युनिस्टांच्या मुलखाभोवती वेढा आवळत आणला होता. त्यातून जिवंत बाहेर पडायचं, एवढाच तातडीचा बेत होता. ३६८ दिवसांनी ही कम्युनिस्टांची लाल सेना वायव्येकडच्या शेन्शी प्रांतात पोहोचली, तेव्हा उरले होते सात-आठ हजार. त्यातही काही वाटेत भरती झालेले. म्हणजे निघालेल्या दर अकरांमागे जेमतेम एक.

हाच तो लाँग मार्च. युद्धाच्या हिशेबात याला धूळधाण म्हणतात. पण तो संपल्यावर बरोबर चौदा वर्षांनी याच कम्युनिस्ट पक्षाने ५४ कोटी लोकसंख्येचा देश ताब्यात घेतला.

सगळ्यात मोठी गळती पहिल्या दोन महिन्यांतच झाली. शियांग नदी ओलांडेपर्यंत ८६,००० चे तीस-पस्तीस हजार झाले. सगळेच मेले नाहीत, हजारो जण वाटेतून पळून गेले. तोवर माओ त्से-तुंग पक्षाच्या नेतृत्वातून बाजूला सारलेले होते. या नामुष्कीचा जाब जानेवारी १९३५ मध्ये पक्षनेत्यांच्या झुन्यी इथल्या बैठकीत विचारला गेला आणि माओंचा वरचा प्रवास तिथून सुरू झाला. पुढे चार हजार मीटरहून उंच बर्फाळ डोंगर आणि दलदलीची गवताळ पठारं होती. मोर्चाच्या या मुख्य सैन्यात स्त्रिया होत्या फक्त तीसेक. माओंच्या पत्नी ह झिझेन त्यांच्यातल्याच. वाटेत त्यांना मुलगी झाली, आणि ते तान्हं मूल मागे ठेवून त्यांना पुढे चालावं लागलं.

चालले किती? पक्षाच्या इतिहासात आकडा आहे २५,००० ली, म्हणजे १२,५०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर तीनदा कापूनही शिल्लक उरेल इतकं. लढाया, मुक्काम, आजारपण धरून रोज सरासरी ३४ किलोमीटर. २००२-०३ मध्ये दोन ब्रिटिशांनी तीच वाट पायी तुडवली. त्यांना ३८४ दिवस लागले आणि अंतर भरलं सुमारे ६,००० किलोमीटर, म्हणजे अधिकृत आकड्याच्या निम्मं. तेही माणसाला थक्क करायला पुरेसं आहे, पण चीनमध्ये आजही २५,००० लीच शिकवतात.

या कहाणीने काय केलं, ते पक्षाच्या सभासदसंख्येत दिसतं. १९३७ मध्ये सभासद होते सुमारे ४० हजार, १९४५ मध्ये १२ लाख, १९४९ मध्ये जवळपास ४५ लाख. जपानविरोधी युद्ध, जमिनीचं वाटप, च्यांगच्या राजवटीचा भ्रष्टाचार ही कारणं मोठी होतीच. पण शेन्शीतल्या येनानच्या गुहांमधल्या त्या मूठभर माणसांभोवती तेज चढलं होतं ते या चालण्याचं.  

माओंनी या सगळ्यातून एक धडा घेतला असावा: इच्छाशक्ती भक्कम असेल तर गणित हरतं. १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’त तोच धडा त्यांनी साठ-पासष्ट कोटींच्या देशाला लावला. पोलाद एका वर्षात दुप्पट करायचं ठरलं, ५३.५ लाख टनांवरून १.०७ कोटी टन. परसातल्या भट्ट्या पेटवायला कोट्यवधी शेतकरी शेतातून उठवले. बरंचसं लोखंड निरुपयोगी निघालं, उभी पिकं कापणीअभावी वाया गेली. खालच्या अधिकाऱ्यांनी मात्र वर कळवलं की यंदा धान्य ३७.५ कोटी टन. प्रत्यक्षात होतं सुमारे २० कोटी. सरकारने आपला वाटा उचलला तो कागदावरच्या धान्याच्या हिशेबाने, आणि शेतकऱ्याची कणगी रिकामी झाली.

चीनचे स्वतःचे सरकारी आकडे सांगतात की १९५९ ला ६७.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९६१ ला ६५.८६ कोटींवर आली. दोन वर्षांत १ कोटी ३५ लाख माणसं कमी. न झालेले जन्म त्यात आहेत हे खरं, पण जगभरच्या अभ्यासकांचे दुष्काळबळींचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. फक्त सरकारी घट धरली तरी ती १९३४ मध्ये निघालेल्या संपूर्ण सैन्याच्या दीडशे पटीहून जास्त भरते.

चालणाऱ्या सैनिकाला निदान पळून जायची वाट होती. हजारोंनी ती धरली, म्हणून वाचले. १९५९ च्या शेतकऱ्याला गाव सोडायलाही परवानगी लागत होती. नेत्याच्या जिद्दीची किंमत मोजताना मी आता एवढंच पाहतो, की ज्यांच्या जिवावर ती चालली त्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं का.