गाडी मागायला कोणी आलं तर

पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचं, पैठण तालुक्यातलं बाजाराचं गाव. मोसंबीच्या मार्केटसाठी ते दूरवर माहीत आहे. ग्रामीण रुग्णालय, बँका, पोलीस ठाणं, कृषी सेवा केंद्रं, सगळं इथेच असल्यामुळे आसपासच्या वाड्या-तांड्यांचं इथे रोजचं येणं-जाणं. एसटी महामार्गावर मिळते, पण फाट्यापासून आतल्या वस्तीपर्यंतचा रस्ता आपला आपण काटायचा असतो. तिथे मोटारसायकल लागते आणि ज्याच्याकडे नसते तो मागतो. ‘भाऊ, जरा गाडी द्या, दवाखान्यात डबा पोचवून लगेच येतो.’ नाही म्हणायला जीभ रेटत नाही. चावी खुंटीवरून निघते. परत देताना शंभराचं पेट्रोल टाकलेलं असलं तर माणूस रीतीचा, नसलं तर मालक मनातल्या मनात दोन शब्द बोलतो आणि पुढच्या वेळी पुन्हा देतो.

मग त्याच मालकाला सांगून पाहा: दिवसाचे तीनशे घे आणि स्टँडवर उतरलेल्या अनोळखी माणसाला गाडी दे. तो लगेच मान हलवेल. फुकट देणारा माणूस पैसे मिळत असताना नाही म्हणतो, हे वरवर उफराटं वाटतं. पण त्याचं गणित पक्कं आहे. ओळखीच्या माणसाचं घर माहीत असतं, बाप माहीत असतो, गाडी कुठे लावली असेल याचा अंदाज असतो. तीनशे रुपयांत यातलं काहीच मिळत नाही आणि गाडी असते लाखाच्या घरातली, बहुतेक वेळा हप्त्यावरची. गंमत अशी की कायदाही नेमका याच जागी रेघ ओढतो. फक्त फुकट दिली म्हणजे जोखीम नाही, हा जो समज आहे तो मात्र खोटा आहे.

ही रेघ पाहायची असेल तर विम्याची पॉलिसी काढा. आरसीसोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेली असते, हप्ता सोडून तिच्यातलं कोणी काही वाचत नाही. तिच्यात दोन छोटे परिच्छेद असतात. एक चालकाबद्दल: विमाधारक स्वतः किंवा दुसरी कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, अट एवढीच की अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू, वैध लायसन हवं. म्हणजे शेजाऱ्याला, मेव्हण्याला, पाहुण्याला गाडी दिली म्हणून विमा जात नाही. दुसरा परिच्छेद वापराबद्दल: भाड्यानं किंवा मोबदला घेऊन, शर्यतीसाठी, सामानाच्या वाहतुकीसाठी गाडी वापरली तर हा विमा त्या वापराला लागू नाही. तीनशे रुपये हातात घेतले की पहिल्या परिच्छेदातून दुसऱ्यात पाय पडला. कंपनीला दावा नाकारायला किंवा दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करायला आधार मिळाला.

हे झालं विम्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भाड्यानं चालणारी गाडी हे ‘परिवहन वाहन’ ठरतं आणि त्याला परमिट लागतं. विनापरमिट चालवली तर कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मोटारसायकली भाड्यानं देण्याचा धंदा रीतसर करता येतो. कायद्याच्या कलम ७५ मध्ये त्याची सोय आहे आणि केंद्र सरकारनं १९९७ मध्ये त्यासाठी वेगळी योजना काढली. पण त्या योजनेत परवाना मागणाऱ्याकडे किमान पाच परमिटच्या मोटारसायकली हव्यात. घरची एक स्प्लेंडर दिवसभर दारात उभी असते, ती भाड्यानं लावू, असा विचार करणाऱ्याला या योजनेत दारच नाही. अशा रीतसर भाड्याच्या गाडीची ओळख लांबूनच पटते: काळ्या पाटीवर पिवळे आकडे. गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते. तिथे पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही गुपचूप भाड्यानं दिल्या जातात आणि त्यांच्यावर अधूनमधून कारवाईही होते. पण गोव्याला किनारा आहे, पर्यटक आहेत, गाडी बारा महिने फिरते. पाचोडात नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणला जाणारे सोडले तर पाच गाड्यांना रोजचं गिऱ्हाईक कुठून आणणार? मला हा धंदा इथे जमेल असं वाटत नाही.

आपल्याकडे भाड्याची सायकल मात्र गावोगाव चालायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, तासाचे पैसे घ्यायचा. अनोळखी माणसाला ओळखीचा जामीन आणावा लागे. पंक्चर झाली तर भरपाई गिऱ्हाइकाची. ते जमलं, कारण सायकलला ना परमिट, ना लायसन, ना सक्तीचा विमा. शिवाय सायकलवरून जाणारा माणूस दुसऱ्याचं फारसं नुकसान करू शकत नाही. मोटारसायकलचा खरा धोका तिच्या किमतीत नाही, ती कोणाला धडकेल यात आहे. जगात दुसऱ्या टोकाचंही उदाहरण आहे. युगांडात ‘बोडा-बोडा’ म्हणून जी प्रवासी मोटारसायकल धावते, तीत बजाजची बॉक्सर भरपूर दिसते. बजाजचा एक मोठा कारखाना १९८५ पासून आपल्याच जिल्ह्यात, वाळूजला आहे. युगांडातले कितीतरी बोडा-बोडा चालक गाडीचे मालक नसतात. मालकाकडून गाडी घ्यायची आणि ठरलेली रक्कम रोज किंवा आठवड्याला त्याच्या हातावर ठेवायची. तिथे गाडी देणं हाच मालकाचा व्यवसाय. आपल्याकडे गाडी देणं हा शेजारधर्म आहे, तेव्हा तो धर्म नीट कसा पाळायचा तेवढं पाहू.

पहिली गोष्ट लायसन. लायसन नसलेल्याला गाडी चालवू देऊ नये, ही जबाबदारी कायद्याच्या कलम ५ नं थेट मालकावर टाकली आहे. दिली तर कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चालवणाऱ्याचा दंड वेगळा. अपघात झालाच तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात घालून दिलं. जखमीला भरपाई मिळावी म्हणून कोर्ट आधी कंपनीला पैसे द्यायला लावू शकतं, पण मालकानं जाणूनबुजून विनालायसन माणसाला गाडी दिली होती असं सिद्ध झालं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करते. अपघाताची भरपाई लाखांत असते. शेत विकायची वेळ येते ती इथे.

दुसरी गोष्ट वय. दहावीतला भाचा ‘फक्त फाट्यापर्यंत’ म्हणतो आणि आपण हसून चावी देतो. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ वाचलं तर हसू मावळेल. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. गाडी मालकाच्या संमतीनंच नेली, असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करणं मालकाचं काम.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी माहीत असलेली आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी: गाडी मागून नेणारा स्वतःच पडला तर? इलकलचं नाव आपल्याला लुगड्यामुळे माहीत आहे. तिथून २००० साली एक माणूस दुसऱ्याची हिरो होंडा मागून घेऊन गावाकडे निघाला. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी होती. ती एकाएकी थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. घरच्यांनी गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २००९ मध्ये न्यायालयानं म्हटलं की मालकाच्या संमतीनं गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. कलम १६३-अ खालची भरपाई गाडीच्या मालकानं द्यायची असते, आणि जो स्वतःच मालकाच्या जागी आहे त्याचे वारस ती मागू शकत नाहीत. थर्ड पार्टी विमा तिसऱ्यासाठी असतो. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो खरा, पण तो मालकाच्या नावावर. मागून नेणाऱ्याचं नाव त्यात नसतं. मागणाऱ्याला स्वतःचं कवच स्वतःच आणावं लागतं. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूचे २ लाख देते. गाडी कोणाची होती याच्याशी तिला देणं-घेणं नसतं. गाडी मागायची सवय असलेल्यानं एवढं तरी करून ठेवावं.

किरकोळ भांडणं मात्र गाडीच्या दुरुस्तीवरून होतात. जुन्या गाडीला बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात, त्यात आपल्याच गाडीचं नुकसान येत नाही. मग वाकलेला फूटरेस्ट, फुटलेला इंडिकेटर, आणि ‘आधीच तसा होता’ हे वाक्य. चावी देताना दोघांनी मिळून गाडीभोवती एक चक्कर मारावी. ब्रेक दाबून पाहावा, टायर बघावेत, फोनवर दोन फोटो काढावेत. पाहुण्याला राग येणार नाही, आला तर येऊ द्या. ई-चलन मालकाच्याच मोबाइलवर येतं, म्हणून गाडी कोणी, कोणत्या दिवशी नेली हे लिहून ठेवलेलं बरं. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी विचारलं तर चालकाचं नाव आणि लायसनचा तपशील देणं मालकाला बंधनकारक आहे. गाडी ठाण्यात जमा झाली तर ती कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सोडवायलाही मालकालाच हेलपाटे.

आणि ज्यांनी गाडी विकली पण नावावर करून दिली नाही, ते सगळ्यांत अडचणीत आहेत. विकलेली गाडी त्यांच्या दृष्टीनं गेली, पण आरटीओच्या दफ्तरी मालक तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. अशा गाडीची चावी तुम्ही जणू रोज अनोळखी माणसाला देत आहात, तीही फुकट.

एक शेवटचं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे दरवर्षी विमा भरायची सवय मोडली, आणि २०१९-२० मध्ये घेतलेल्या कित्येक गाड्यांची ती पाच वर्षं सरली तरी मालकाच्या लक्षात आलेलं नाही. अशी गाडी मागणाऱ्याला देणं म्हणजे त्याच्यासकट स्वतःलाही उघड्यावर टाकणं. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ७१४ रुपये अधिक कर असा ठरला होता. पाकिटातली पॉलिसी काढलीच आहे तर तिची शेवटची तारीख आजच पाहून घ्या.