पिवळी पडलेली साळ

आज खपली गव्हावर लिहायचं कबूल केलं होतं. खपली थांबेल. गेल्या आठवड्यातला जिरायती बन्सी गव्हावरचा मजकूर वाचून ढोकीच्या एका वाचकांचा फोन आला : "गव्हाचं राहू द्या हो, माझी साळ हळदीवानी पिवळी पडलीया, तिचं सांगा."

उसाच्या कडेला त्यांनी हौसेनं चार गुंठे पेरसाळ केली होती. मराठवाड्यात साळ रोपं लावून नाही, तिफणीनं पेरून करतात. म्हणून ती पेरसाळ. महिनाभरात रान पिवळं. शेजाऱ्यांनी युरिया सांगितला, तो दोनदा पडला. साळ होती तशीच, तण तेवढं तरारलं.

मी जाऊन बांधावर उकिडवा बसलो आणि एक ताट उपटून घेतलं. शेंड्याचं कोवळं पान जवळजवळ पांढरं, त्याखालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधल्या पट्ट्या पिवळ्या, बुडाची पानं मात्र हिरवीगार. निकाल इथंच लागला. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी बुडाचं पान पिवळं पडतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही; कमी पडलं तर नवं पान उपाशीच जन्मतं.

"काळ्या रानात लोह नाही म्हणता?" त्यांनी विचारलं. आहे की, भरपूर आहे. पण ढेकूळ फोडलं तर आत चुनखडीचे पांढरे खडे दिसले. अशा चुनखडीच्या, हवा खेळत्या रानात लोह गंजासारखं घट्ट बसतं, पाण्यात विरघळत नाही. कोकणात चिखलणी करून पाणी तुंबवतात. त्या चिखलात हवा शिरत नाही, लोह विरघळतं आणि साळीला बसल्या जागी ताट वाढलेलं मिळतं. इथून जवळच्या तेरला गोरोबाकाकांनी चिखल तुडवला, पण तो मडक्यांसाठी. साळीसाठी चिखल तुडवायची आपल्याकडं रीत नाही.

मग याच रानात गहू कसा हिरवा राहतो? मला या प्रश्नाचं वेड आहे. गव्हाची मुळं एक द्रव्य पाझरतात. ते मातीतल्या घट्ट लोहाला धरतं आणि दोघं मिळून मुळात परत शिरतात. जव यात सगळ्यांचा गुरू. साळीची मुळंही हे द्रव्य सोडतात, पण अगदी थेंबाथेंबानं. गहू स्वतः बाजाराला जातो, साळ वाढप्याची वाट बघते. आपल्या रानात गहू रुळला आणि साळ पाहुणीच राहिली, त्याला पाण्याबरोबर हेही एक कारण आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं हे दुखणं ओळखून वाणं काढली. आंबेमोहरात उत्परिवर्तन घडवून निवडलेली 'प्रभावती' लोहाच्या तुटीला दाद देत नाही. दुसऱ्या एका वाणाचं नाव तर 'तेरणा', आपल्या नदीचंच! आमच्या वाचकांनी मात्र पाहुण्यांकडून आणलेलं, चिखलणीच्या मुलखातलं बी पेरलं होतं.

तातडीचा उपाय म्हणजे हिराकस, लोहाचा विरघळणारा क्षार. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, वर एक लिंबू पिळायचं आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. नुसतं जमिनीत टाकलं तर चुनखडी तेही गिळते. टाकायचंच तर शेणखतात मुरवून.

परवा पुन्हा फोन आला. "नवं पान हिरवं निघालंय, पण जुनं काय सुधरंना."

म्हटलं, वरची पानं मोजा, पांढरं झालेलं सोडून द्या. आणि पुढच्या साली बी परभणीचं.

खपली पुढच्या आठवड्यात. नक्की.