तांदळातील आर्सेनिक आणि आपला पथ्यविचार

शूकधान्यांमध्ये रक्तशाली ही पथ्यतम होय, असे चरकसंहितेत सांगितले आहे. ज्वर असो, अतिसार असो, वा शोधनानंतरचा संसर्जनक्रम असो. मंड, पेया, विलेपी या रूपांनी तांदूळच आपल्या हाती येतो. आम्हीही चिकित्सालयात वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. मात्र तो तांदूळ कोणत्या भूमीत व कोणत्या पाण्यावर पिकला, हे आम्ही रुग्णास क्वचितच विचारले.

काही काळापूर्वी सोनारकाम करणाऱ्या एका बंगाली कारागिराची पत्नी प्रदराच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आली. पुष्यानुग चूर्ण तंडुलोदकातून घेण्यास सांगितले. घरी तांदूळ कोणता, असे सहज विचारले असता तो नदिया जिल्ह्यातील गावाहून येतो व सात महिन्यांच्या बाळालाही त्याचीच पेज दिली जाते, असे समजले. नदिया हा पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त जिल्हा आहे. आम्हाला आमचेच अनुपान पुन्हा तपासावे लागले. त्या विचारातून हा लेख लिहिला आहे.

दोष कोठून येतो?

पश्चिम बंगालमधील आर्सेनिकजन्य त्वग्विकाराचे रुग्ण कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये ओळखले. गाळाच्या थरांतील आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात उतरत होते. बांगलादेश व बिहारमध्येही हाच प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या सीमेनजीक, छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरातील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम आहे.

पाणी साचलेल्या भातखाचरात प्राणवायूचा अभाव होतो, मातीतील लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना बांधलेले आर्सेनिक मोकळे होते. भाताचे रोप सिलिका ज्या मार्गाने शोषते, त्याच मार्गाने आर्सेनिकही आत घेते. म्हणून कूपनलिकांच्या पाण्यावर पोसलेल्या उन्हाळी बोरो भातात ते पावसाळी अमन भातापेक्षा सामान्यतः अधिक आढळते. असेंद्रिय आर्सेनिक हे मानवात कर्करोगकारक असल्याचे सिद्ध आहे. त्वचेवर पावसाच्या थेंबांसारखे डाग, हातापायांच्या तळव्यांवर कठीण गाठी ही त्याची परिचित लक्षणे. ती उमटण्यास अनेक वर्षे लागतात. सुश्रुताचार्यांच्या कल्पस्थानातील दूषीविषाचे वर्णन येथे सहज आठवते.

धुणे आणि वेळणे

उत्तम धुतलेला, पेज काढलेला, नीट शिजलेला व उष्ण भात लघु होय, असे चरकाचार्य अन्नपानविधी अध्यायात सांगतात. परिभाषेनुसारही अन्न पाचपट पाण्यात सिद्ध करावयाचे असते. शास्त्रकारांचा हेतू पचनाचा होता. परंतु हीच पद्धती आज दुसऱ्या कारणानेही उपयुक्त ठरली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगालमधील अभ्यासात, पाणी स्वच्छ येईपर्यंत तांदूळ धुऊन, सहापट निर्दोष पाण्यात शिजवून भात वेळला असता ५७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक कमी झाले. त्यातील सुमारे निम्मे धुवणात व निम्मे पेजेत गेले होते. कुकरमध्ये मोजक्या पाण्यात भात शिजवला तर पेज टाकली जात नाही व हा लाभ मिळत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भातातून जे निघाले ते धुवणात व पेजेत उतरले. आणि तंडुलोदक म्हणजे धुवण, मंड म्हणजे पेज. तांदूळ दूषित असेल तर भात निर्धोक करण्यासाठी टाकावयाचा भाग आपण बालकास व गर्भिणीस औषध म्हणून पाजू. म्हणून तंडुलोदक व मंड यांसाठी तांदूळ निवडूनच घ्यावा. बंगाली, बिहारी कुटुंबांत गावाकडील तांदूळ वापरात असल्यास तो या कल्पनांसाठी वर्ज्य समजावा.

पेया, विलेपी द्यावयाचीच असल्यास शेफिल्ड विद्यापीठाने २०२० मध्ये मांडलेली पद्धती सोयीची आहे. एक वाटी तांदळास चार वाट्या पाण्याचे आधण ठेवावे, त्यात तांदूळ पाच मिनिटे उकळावे व ते पाणी टाकावे. नंतर ताजे पाणी घालून मंदाग्नीवर शिजवावे. मूळ पद्धतीत दोन वाट्या ताजे पाणी सांगितले आहे. पेयेसाठी ते आवश्यकतेनुसार वाढवावे. या रीतीने पांढऱ्या तांदळातील सुमारे ७४ टक्के व अपॉलिश तांदळातील निम्म्याहून अधिक आर्सेनिक गेल्याचे आढळले.

तीन मर्यादा ध्यानी असाव्यात. पहिली, पाणी दूषित असेल तर शिजवताना भातातील आर्सेनिक उलट वाढते आणि केवळ उकळल्याने ते पाण्यातून जात नाही. दुसरी, वेळलेल्या पाण्याबरोबर काही ब जीवनसत्त्वेही जातात. म्हणून सोबत मुद्गयूष व भाज्या द्याव्यात. तिसरी, आर्सेनिक कोंड्यात अधिक साठते. केवळ अपॉलिश वा तांबडा आहे म्हणून तांदूळ निर्दोष ठरत नाही. लाह्या, पोहे, कुरमुरे व तांदळाचे पीठ यांत वेळण्याची सोय नाही. तेथे तांदूळ कोठून आला हेच पाहावे लागते.

धान्यबदल

नित्य सेवनीय द्रव्यांच्या यादीत शाली व षष्टिकांबरोबर यवही आहे, हे आपण विसरतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा ही धान्ये बहुधा पाणी न साचणाऱ्या जमिनीत वाढतात व त्यांत असेंद्रिय आर्सेनिक सामान्यतः तांदळाहून कमी असते. मात्र बदल प्रकृती व अग्नी पाहूनच करावा. प्रमेह व स्थौल्यात यव उत्तम. श्यामाक, कोद्रव हे लघु, शीत, संग्राही परंतु वातल. कृश व वातप्रकृतीच्या रुग्णास ते घृताविना देऊ नयेत. गव्हातील ग्लुटेन न सोसणारे रुग्ण तिन्ही त्रिकाळ तांदळाकडे वळतात. त्यांना ज्वारी, नाचणी, राजगिरा द्यावा. यवातही ग्लुटेन असल्याने तो त्यांना वर्ज्य. अन्नप्राशनानंतर रोज पेजच न देता नाचणीचे सत्त्वही द्यावे. बालक शरीरभाराच्या मानाने अधिक अन्न घेते, म्हणून हा बदल त्याच्यासाठी सर्वाधिक मोलाचा.

औषधी विक्रेते व निर्मात्यांसाठी

तांदूळ वा लाह्यांचे बालाहार बनवणाऱ्यांनी कच्च्या मालाचे मूळ नोंदवावे व प्रयोगशाळेकडून एकूण आर्सेनिकाबरोबर असेंद्रिय आर्सेनिकाचेही मान मागावे. कोडेक्सने २०१४ मध्ये पॉलिश तांदळासाठी असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा प्रतिकिलो ०.२ मिलिग्रॅम ठरवली. अमेरिकेने २०२० मध्ये शिशूंच्या तांदूळ आहारासाठी ०.१ मिलिग्रॅमची कार्यमर्यादा दिली. हरताळ, मनःशिला वा सोमल असलेले कल्प देताना आहारातील भारही जमेस धरावा.

तळव्यांवर कठीण गाठी व अंगावर डाग दिसल्यास मूत्रातील आर्सेनिकाची तपासणी करून घ्यावी व त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शोधनाने विष निघेल, असे आश्वासन देऊ नये. येथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा आहे.

त्या मातेचे चूर्ण आम्ही चालू ठेवले, तांदूळ बदलला आणि बाळासाठी नाचणी लिहून दिली. भात अपथ्य झालेला नाही. तो धुऊन, वेळून व मूळ विचारून द्यावा, एवढीच आमची विनंती.